बापही उशिराच बोलला होता

रिसोडकडचं खेडं असो की मानोरा तालुक्यातला तांडा, अडीच वर्षांचं लेकरू बोलत नसलं की वाशीम जिल्ह्यात घरातली वडीलधारी माणसं एक ठरलेलं वाक्य ऐकवतात. "त्याचा बापही चार वर्साचा होईलोक बोलत नोता. होईन सारं बरोबर." हे वाक्य धीर देण्यासाठी असतं, आणि पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बालकांच्या भाषेवर जे संशोधन झालं, ते या वाक्याचा अर्थ नेमका उलटा लावतं. बाप उशिरा बोलला होता, काका दहावीपर्यंत वाचताना अडखळत होता, आत्याला कधी सरळ गोष्ट सांगता आली नाही, ही माहिती निर्धास्त होण्यासाठी नाही. लेकराला लवकर तपासायला न्यावं, असं सांगणारी ती सगळ्यात स्वस्त आणि बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. ती प्रत्येक घराला ठाऊक असते, पण कोणत्याही कागदावर चढत नाही.

आधी विकार कोणता ते पाहू. काही मुलांना ऐकू नीट येतं, खेळण्यात ती हुशार असतात, माणसांत मिसळतात, मेंदूला इजा झालेली नसते, स्वमग्नतेची लक्षणं नसतात. तरी भाषा त्यांच्यात नीट रुजत नाही. शब्द उशिरा येतात, वाक्यं तुटक राहतात, आणि सहज लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे ऐकलेलंही पुरतं समजत नाही. "दप्तर ठेव, हात धुऊन ये, मग ताट घे" असं बाईंनी सांगितलं की असं मूल थेट ताटाकडे जातं आणि "ऐकत नाही" म्हणून रागावून घेतं. याला विकासात्मक भाषाविकार, थोडक्यात डीएलडी म्हणतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्रूस टॉम्ब्लिन यांनी बालवाडीच्या 7,218 मुलांची पाहणी केली. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे प्रमाण 7.4 टक्के निघालं. हेच प्रमाण आपल्याकडे धरलं, तर तीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुलं बसलेली असतात. त्याच पाहणीत विकार सापडलेल्या मुलांपैकी फक्त 29 टक्के मुलांच्या पालकांना आधी कुणी याबद्दल काही सांगितलं होतं. डॉक्टर आणि तज्ज्ञ मुबलक असलेल्या मुलखातली ही गत. भारतात 2018 साली पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उत्तर गोवा हे एक ठिकाण होतं. वाढीच्या काळातले मेंदूशी निगडित विकार एकत्र मोजले तेव्हा ते सुमारे आठांपैकी एका मुलात आढळले, आणि वाचा-भाषेचे विकार त्यात स्वतंत्रपणे मोजलेले होते.

हा विकार घराण्यात चालतो, याचा सर्वांत गाजलेला दाखला लंडनमधल्या एका कुटुंबाचा. संशोधक त्याला 'केई कुटुंब' म्हणतात. 1990 साली त्याच्याविषयी पहिले शोधनिबंध आले. तीन पिढ्या, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या माणसांना बोलण्याची गंभीर अडचण. तोंडाच्या हालचालींचा मेळ बसत नव्हता, शब्द फुटत नव्हते, व्याकरणही डळमळीत होतं. आजीला होतं, तिच्या बहुतेक मुलांना होतं, नातवंडांत कुणाला होतं, कुणाला नव्हतं. एकाच जनुकातला दोष आईकडून किंवा बापाकडून अर्ध्या शक्यतेनं पुढे जावा, तसा हा नकाशा दिसत होता. 1998 मध्ये शोध सातव्या गुणसूत्राच्या एका तुकड्यापर्यंत आला, आणि 2001 मध्ये सेसिलिया लाय, सायमन फिशर, अँथनी मोनॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जनुक नेमका हुडकून काढला. त्याचं नाव फॉक्सपी-टू. डीएनएमधलं एक अक्षर बदललेलं होतं. त्यामुळे त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातला एक घटक बदलला, आणि इतर अनेक जनुकांचं काम चालू-बंद करणारं ते प्रथिन निकामी झालं.

वर्तमानपत्रांनी लगेच 'भाषेचा जनुक सापडला' असे मथळे दिले. तिथूनच एक गैरसमज रूढ झाला, आणि तो अजून पुसला गेलेला नाही. सर्वसाधारण डीएलडी असलेल्या मुलांत फॉक्सपी-टू तपासला गेला, तेव्हा बहुतेकांत तो ठणठणीत निघाला. केई कुटुंबाची गोष्ट खरी आहे, पण ती विरळा आहे. बहुतेक घरांत जे उतरतं ते एका जनुकाच्या दोषानं उतरत नाही. पुष्कळ जनुकांतले बारीक फरक, प्रत्येकाचा परिणाम अगदी किरकोळ, असे एकत्र येऊन एखाद्या मुलाचा तोल अडचणीच्या बाजूला झुकवतात. डीएलडीची सख्खी शेजारीण म्हणावी अशी वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया. तिच्यावर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डिस्लेक्सियाचं निदान झालेल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांची तुलना दहा लाखांहून अधिक इतरांशी केली गेली. तेव्हा जनुकसंचातल्या 42 जागा हाती लागल्या, आणि त्या सगळ्या मिळूनही चित्राचा थोडाच भाग उलगडतो. म्हणून रक्ताच्या चाचणीनं 'तुमच्या मुलाला भाषाविकार होणार का' याचं उत्तर आज मिळत नाही. घरातल्या माणसांचा इतिहास मात्र ते उत्तर काही अंशी देतो, कारण ते सगळे बारीक फरक त्या इतिहासात एकत्र उमटलेले असतात.

इथे एक रास्त आक्षेप येतो. घराण्यात चालतं म्हणजे रक्तातूनच येतं असं कशावरून? ज्या घरात आईबाप कमी बोलतात, ज्या घरात दोघंही पहाटे सोयाबीन सोंगायला जातात आणि लेकरू म्हाताऱ्या आजीजवळ राहतं, तिथे भावंडं सगळीच उशिरा बोलतील. नुसता कौटुंबिक इतिहास हा आक्षेप खोडू शकत नाही, हे मान्य करायला हवं. कॅरिन स्ट्रॉम्सवोल्ड यांनी 1998 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा भाषाविकार असलेल्या मुलांपैकी सरासरी 46 टक्के मुलांच्या घरात तसा इतिहास निघाला आणि इतर मुलांपैकी 18 टक्क्यांच्या. पण वेगवेगळ्या अभ्यासांतला पहिला आकडा 24 पासून 78 पर्यंत पसरलेला होता. फरक ठळक असला तरी कारण त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी जुळ्यांकडे जावं लागतं. एकाच फलित अंड्यातून झालेल्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, दोन अंड्यांतून झालेल्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात; घर मात्र दोन्ही जोड्यांना एकच मिळतं. ब्रिटनमध्ये डोरोथी बिशप आणि सहकाऱ्यांनी 1995 साली दाखवलं की एका जुळ्याला भाषाविकार असेल, तर एकसारख्या जुळ्यांत दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण 70 टक्के होतं आणि वेगळ्या जुळ्यांत 46 टक्के. दत्तक मुलांचा पुरावा तर आणखी सरळ आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये सात वर्षांच्या मुलांचं बोलणं तपासलं. ज्यांच्या जन्मदात्यांकडे वाचादोषाचा इतिहास होता, त्यांतल्या 25 टक्के मुलांत अडचण दिसली. इतिहास नसलेल्यांत 9 टक्के. वाढवणाऱ्या आईबापांचा इतिहास इथे गैरलागू ठरला.

एवढ्यावर थांबलं तर मात्र अर्धंच सत्य सांगितल्यासारखं होईल. बिशप यांनीच 2008 मध्ये मरियाना हायू-टॉमस यांच्यासोबत जुळ्यांच्या एका मोठ्या नोंदवहीचा पुन्हा विचार केला. पालकांना किंवा शिक्षकांना काळजी वाटून जी मुलं तज्ज्ञांकडे गेली होती, त्यांच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. केवळ चाचणीत गुण कमी पडले म्हणून 'विकार' ठरलेल्या मुलांत तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे भाषा कमी असण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. काही मुलांना बोलणं पुरेसं कानावर पडलेलं नसतं, काहींच्या मेंदूची घडणच भाषेसाठी जड असते, आणि पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही मिळून येतं, कारण ज्या बापाला स्वतःला बोलणं जड जातं त्याच्या घरात बोलणं कमीच होतं. माझ्या मते या निष्कर्षानं कौटुंबिक इतिहासाचं मोल उलट वाढतं. कोणतं मूल कोणत्या वाटेवर आहे हे एका भेटीत, हातात महागडं साधन नसताना ओळखायचं असेल, तर घरातल्या इतर माणसांविषयी विचारण्याला पर्याय नाही.

उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढे सुधारतात, मग घाई कशाला, हा दुसरा आक्षेप. दोन वर्षांच्या वयात पन्नासहून कमी शब्द बोलणाऱ्या किंवा दोन शब्द न जोडणाऱ्या मुलांना उशिरा बोलणारी म्हणतात, आणि त्यांतली बरीचशी चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत बरोबरीला येतात, हे खरं आहे. अडचण ही की दोन वर्षांच्या वयात सुधारणारं मूल आणि न सुधारणारं मूल सारखंच दिसतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात स्टीफन झुब्रिक आणि सहकाऱ्यांनी 1,766 मुलांचा अभ्यास केला. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. 24 महिन्यांच्या वयात 13.4 टक्के मुलं मागे होती. कोणती मुलं मागे राहतात याचा माग काढताना आईचं शिक्षण, घरची मिळकत, पालकांची मनःस्थिती, वाढवण्याची पद्धत यांपैकी काहीही निर्णायक ठरलं नाही. निर्णायक ठरल्या त्या गोष्टी तीन: मूल मुलगा असणं, गर्भात आणि जन्मानंतर सुरुवातीला झालेली शारीरिक-मेंदूविषयक वाढ, आणि घरात उशिरा बोलण्याचा इतिहास. आयांनी हे नीट वाचावं असं मला फार वाटतं. लेकरू बोलत नाही म्हणून 'तू त्याच्याशी बोलत नाहीस' असा ठपका पहिल्यांदा आईवरच ठेवला जातो.

बाप 'नंतर सुधारला' म्हणतात, तेव्हा खरंच काय सुधारलेलं असतं? यासाठी एक साधी चाचणी आहे. भाषेत अर्थ नसलेले शब्द ऐकवायचे आणि जसेच्या तसे म्हणायला सांगायचं. मराठी बोलणाऱ्यासाठी ते असे असू शकतील: 'तिगुम', मग 'केलोपती', मग 'सुदेमाटिगा'. छोटे शब्द बहुतेक सगळे म्हणतात. चार-पाच अक्षरांवर आलं की भाषाविकार असलेलं मूल 'सुमेटिदा' असं काहीतरी म्हणतं. आवाज ओळखीचे असतात, पण त्यांचा क्रम डोक्यात टिकत नाही. बिशप आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की ज्यांचा विकार वरवर बरा झालेला होता, ती मुलंही या चाचणीत अडखळत होती, आणि हे अडखळणं ठळकपणे आनुवंशिक होतं. तेव्हा 'बाप आता चांगला बोलतो' याचा अर्थ त्याच्यात काहीच उरलं नाही असा होत नाही. त्यानं शाळा कितवीत सोडली, अर्ज कोणाकडून भरून घेतो, ग्रामसभेत तो कधी उभा राहतो का, हे विचारलं की उरलेलं दिसू लागतं. अर्थात शाळा सुटण्याची वाशीमसारख्या जिल्ह्यात दहा कारणं असतात. एकट्या या उत्तरावरून काही ठरवायचं नाही, उशिरा बोलण्याच्या इतिहासाशी ते जोडून पाहायचं.

या जिल्ह्यात तपासणाऱ्याला आणखी एक भान ठेवावं लागेल. इथली घरची मराठी वऱ्हाडी आहे. 'डोळा' ऐवजी 'डोया', 'मला' ऐवजी 'मले', 'जात आहे' ऐवजी 'जाऊन रायला' म्हणणारं मूल आपली भाषा अचूक बोलतं आहे. प्रमाण मराठीच्या कसोटीवर त्याला मागे ठरवणं ही तपासणाऱ्याची चूक. मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव भागातल्या बंजारा तांड्यांवर घरी गोरमाटी बोलली जाते, कारंजा आणि मंगरूळपीरमध्ये अनेक घरांत उर्दू आहे, आणि मराठी त्या लेकरांना अंगणवाडीत किंवा पहिलीत भेटते. दोन भाषांनी भाषाविकार होत नाही. दोन भाषांमुळे मूल मराठीत मागे पडलं असेल, तर घरच्या भाषेत ते बरोबरीच्या पोरांसारखं बोलतं. विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. म्हणून गोरमाटी बोलणाऱ्या मुलाबद्दल विचारायचा प्रश्न 'मराठी येते का' हा नसावा. 'याच्याच वयाची तांड्यातली पोरं याच्याशी बोलतात तेव्हा याला जमतं का', हे आजीला विचारावं. आजी त्या वयाची अनेक लेकरं पाहून बसलेली असते, तिचं उत्तर सहसा चुकत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. 'घराण्यात चालतं' हे शब्द आपल्याकडे उच्चारले की पुढचा प्रश्न येतो: कुणाच्या? बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेलं असतं, ते म्हणजे सुनेच्या माहेरच्या. पुढे तिच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीतही ते काढलं जातं. म्हणून खानदानाचं नावच काढू नये, असं काहींना वाटेल. मला ते पटत नाही. लपवल्यानं ठपका जात नाही, तो कुजबुजीत राहतो. आणि खरं सांगितलं तर ठपक्याला जागाच उरत नाही, कारण अनेक जनुकांतले बारीक फरक दोन्हीकडून येतात आणि ते थोड्याफार प्रमाणात प्रत्येक घरात असतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक जातींत आहे. इरावती कर्वे यांनी 1953 सालच्या भारतीय आप्तसंबंधांवरच्या ग्रंथात तिचा सविस्तर विचार केला आहे. अशा लग्नांमुळे जन्मजात बहिरेपणासारख्या काही विकारांचा धोका वाढतो. भाषाविकाराच्या बाबतीत चिलीजवळच्या रॉबिन्सन क्रूसो बेटाचा दाखला मिळतो. मोजक्या कुटुंबांपासून वाढलेल्या तिथल्या वस्तीत सुमारे एक तृतीयांश मुलांना भाषाविकार आढळला. लग्नांचं वर्तुळ फार लहान झालं की काय होऊ शकतं ते त्यातून दिसतं. पण नेहमीच्या डीएलडीसाठी नात्यातलं लग्न मुळीच लागत नाही. दूरच्या गावची सोयरीक असलेल्या घरांतही तो येतो. मुलींविषयीही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. दवाखान्यात मुलगे जास्त येतात, पण आयोवात बालवाड्यांत जाऊन तपासलं तेव्हा प्रमाण मुलग्यांत 8 टक्के आणि मुलींत 6 टक्के निघालं. न बोलणारा मुलगा डोळ्यांत येतो, न बोलणारी मुलगी 'गरीब स्वभावाची' म्हणून कौतुकाची होते.

रक्तातच आहे तर उपाय काय करणार, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो हात बांधून टाकतो. जवळचं दिसणं आणि लांबचं न दिसणं हेही घराण्यात चालतं, आणि चष्मा लावला की मूल फळ्यावरचं वाचतं. आनुवंशिक असणं आणि न बदलणारं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेगन रॉबर्ट्स आणि ॲन कैसर यांनी 2011 मध्ये अठरा अभ्यास एकत्र पाहिले. पालकांनाच शिकवून त्यांच्याकडून घरी भाषेचा सराव करून घेतला, तर मुलांची भाषा वाढते असा त्याचा निष्कर्ष. हा सराव म्हणजे पाठांतर नाही. लेकरू "पानी" म्हणालं, तर "नीट बोल" न म्हणता आईनं म्हणायचं, "तुले पानी पायजे? घे, थंड पानी." मुलाचाच शब्द उचलायचा, त्याला एक-दोन शब्द जोडून परत द्यायचा, आणि मग थांबायचं, त्याला उत्तर द्यायला वेळ मिळेल इतकं. हे वऱ्हाडीतच करायचं, गोरमाटी घरात गोरमाटीतच. वेखंड मधात उगाळून चाटवण्यानं किंवा जिभेखालची तार कापण्यानं भाषेची समज येत नाही. सराव सुरू करण्याआधी कान तपासून घ्यावेत, कारण कमी ऐकू येणं हे न बोलण्याचं कारण असू शकतं आणि त्याचा उपाय वेगळा आहे.

व्यवस्था अगदीच नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, आणि तपासायच्या तीस बाबींमध्ये भाषेची वाढ मागे राहणं ही एक आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूच्या इजेमुळे आलेल्या कायमच्या दोषांभोवती आखलेलं आहे. तिथे हे मूल नीट बसत नाही. पण त्याच कायद्यातली विशिष्ट अध्ययन अक्षमतेची व्याख्या बोललेली भाषा समजण्यातली आणि वापरण्यातली अडचण स्पष्टपणे धरते. त्या दारानं या मुलाला जाता येतं. पथकातल्या डॉक्टरकडे एका शाळेसाठी वेळ थोडा असतो. त्या वेळात शंभर पोरांतली नेमकी कोणती सात जवळून पाहायची हे ठरवायला अंगणवाडी सेविकेनं वर्षभरात मिळवलेलं एक उत्तर कामी येईल: या घरात आणखी कोण उशिरा बोललं, आणि पुढे शाळेत त्याचं काय झालं.

आणि ज्याला सल्ला द्यायचा त्या बापालाच कदाचित लांब वाक्यं पेलत नसतील, हेही लक्षात ठेवावं लागेल. त्याच्या हातात दोन पानी पत्रक दिलं आणि तारखा, केंद्राचा पत्ता, घरी करायचे सहा व्यायाम एका दमात सांगितले, तर तो मान हलवून निघून जाईल आणि नोंदवहीत 'पालक उदासीन' असा शेरा पडेल. त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगावी, ती त्याच्यासमोर त्याच्याच लेकराशी करून दाखवावी, मग त्याच्याकडून करून घ्यावी, आणि पुढच्या भेटीची तारीख आशा ताईंनी घरी जाऊन पुन्हा तोंडी सांगावी.